बाबूजींना पंतप्रधानपद कुणी नाकारले?

एप्रिल उजाडला की आमच्या वस्त्यांमधून निळ्या पताका लागतात, वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागतात आणि १४ एप्रिलची लगबग सुरू होते. त्याच्या नऊ दिवस आधी, ५ एप्रिलला, आणखी एका नेत्याची जयंती येते. आंध्र आणि तेलंगणात तर या दोन्ही जयंत्या जोडीने साजऱ्या होतात. महाराष्ट्रातल्या आपल्या वस्तीत मात्र ५ एप्रिल कोरडाच जातो. तो दिवस बाबू जगजीवनराम यांचा.

आपण त्यांना आपले मानले नाही, त्याला कारण आहे. बाबासाहेब काँग्रेसशी एकाकी झुंज देत होते तेव्हा हा माणूस काँग्रेसच्या मांडवात बसला होता. हा राग निराधार नाही आणि तो लपवण्याचेही कारण नाही. पण राग आला म्हणून अभ्यास टाळायचा, ही आंबेडकरी रीत नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या विरोधकांचे ग्रंथसुद्धा ओळ न् ओळ वाचले होते. आम्हाला वाटते, जगजीवनराम यांचे आयुष्य हा चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा धडा आहे.

बिहारमधल्या आरा शहराजवळच्या चंदवा गावात, चर्मकार कुटुंबात, ५ एप्रिल १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. आरा येथील शाळेत हिंदूंचा एक माठ होता आणि मुसलमानांचा एक. या मुलाने हिंदूंच्या माठातले पाणी घेतले म्हणून ओरड झाली आणि अस्पृश्यांसाठी तिसरा माठ ठेवला गेला. त्या पोराने तो माठ फोडला. पुन्हा ठेवला, पुन्हा फोडला. शेवटी तिसरा माठ ठेवणेच बंद झाले. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या फुटलेल्या माठाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले. बोलावणारे मोठे होते, पण खाणावळीतल्या वाढप्यांनी वाढायला नकार दिला आणि न्हाव्याने केस कापायला. बनारसचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पन्नास वर्षांनी याच शहरात आपल्याला परत यायचे आहे. त्यांनी पदवी मात्र कलकत्त्याहून घेतली, १९३१ मध्ये, विज्ञान शाखेची.

म्हणजे जातीचे चटके दोघांनीही सोसले, बाबासाहेबांनीही आणि बाबूजींनीही. फरक पडला तो पुढे काय करायचे या प्रश्नावर. बाबासाहेबांचे म्हणणे होते की अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांच्याच मतांवर निवडून आले पाहिजेत, नाहीतर ते निवडून देणाऱ्यांचे मिंधे होतील. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने ती स्वतंत्र मतदारसंघांची मागणी गिळली. राखीव जागा मिळाल्या १४८, पण मतदार संयुक्त. जगजीवनराम याच नव्या चौकटीतून वर आले. १९३५ मध्ये उभ्या राहिलेल्या डिप्रेस्ड क्लासेस लीगचे ते नेते झाले, १९३७ मध्ये बिहार विधानसभेत पोहोचले, १९४० आणि १९४२ मध्ये तुरुंगात गेले. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर उभा करण्यासाठी शिकलेला, बोलणारा, तुरुंगात जाऊन आलेला अस्पृश्य नेता हवा होता. तो मिळाला.

१९४६ च्या निवडणुकीत संयुक्त मतदारसंघांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा घात केला. त्यानंतर २ सप्टेंबर १९४६ रोजी नेहरूंचे हंगामी सरकार आले. त्यात फेडरेशनला जागा नव्हती. अस्पृश्यांतर्फे ३८ वर्षांचे जगजीवनराम मजूरमंत्री झाले. आता यातली गंमत पाहा. १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हेच मजूर खाते बाबासाहेब सांभाळत होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये विधिमंडळात मांडले. कामगार राज्य विम्याची पायाभरणीही त्यांच्याच काळातली. १९४८ मध्ये किमान वेतन कायदा आणि कामगार राज्य विमा कायदा झाला तेव्हा मंत्री जगजीवनराम होते. पेरणी बाबासाहेबांची, कापणी बाबूजींच्या कारकिर्दीत. पण पीक कामगारांच्या घरी गेले हेही खरे, आणि ते जाऊ देण्यात बाबूजींनी कसूर केली नाही हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

त्यानंतरची यादी थक्क करणारी आहे. दळणवळण, रेल्वे, वाहतूक, पुन्हा मजूर, अन्न व शेती, संरक्षण. १९६३ मध्ये कामराज योजनेखाली राजीनामा देऊन ते काही काळ बाहेर राहिले; एरवी १९४६ पासून १९७९ पर्यंत दिल्लीच्या मंत्रिमंडळाला हे नाव टाळता आले नाही. १९५२ पासून १९८४ पर्यंत लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या, आठही त्यांनी जिंकल्या. हरितक्रांतीच्या पहिल्या वर्षांत शेतीमंत्री ते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शस्त्रे खाली ठेवली तेव्हा संरक्षणमंत्री ते. गुणवत्ता नाही म्हणून आरक्षणाला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हा आलेख डोळ्यांखालून घालावा.

आम्ही त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. दहा वर्षे प्राप्तिकराची विवरणपत्रे भरायची राहिली, हे प्रकरण त्यांच्या नावावर आहे. त्याहून मोठा डाग आणीबाणीचा. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि जुलैमध्ये तिला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत जगजीवनराम यांनीच मांडला. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानातले मूलभूत हक्क गोठवले जात असताना हा हात वर झाला. पक्ष ज्याला वर चढवतो त्याच्याकडून असा हात वर करवूनही घेतो. पुणे कराराबद्दल बाबासाहेबांना जी भीती वाटत होती, ती याहून वेगळी काय होती?

२ फेब्रुवारी १९७७ रोजी मात्र त्यांनी इंदिरा गांधींची साथ सोडली. हेमवतीनंदन बहुगुणा आणि नंदिनी सत्पथी यांना बरोबर घेऊन काँग्रेस फॉर डेमॉक्रसी काढली. निवडणूक तोंडावर आलेली. या एका राजीनाम्याने वारे फिरले असे त्या काळचे जाणते लोक सांगतात. इंदिरा गांधी पडल्या, काँग्रेस गेली. आता पंतप्रधान कोण? कारभाराचा अनुभव कुणाकडे सर्वांत जास्त, याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते. पण जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्या हाती निवड सोपवली गेली आणि नाव निघाले मोरारजी देसाईंचे. चरणसिंहांनी तर रुग्णालयातून पत्र धाडून मोरारजींना पाठिंबा दिला, का, तर जगजीवनराम नकोत म्हणून! बाबूजी शपथविधीला गेले नाहीत. काही दिवसांनी समजूत निघाली आणि ते पुन्हा संरक्षणमंत्री झाले.

आता बनारस. १९७८ साल. देशाचे संरक्षणमंत्री जगजीवनराम यांच्या हस्ते तिथे डॉ. संपूर्णानंद यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ते निघून गेल्यावर पुतळा गंगाजलाने धुऊन, मंत्र म्हणून 'शुद्ध' करण्यात आला. ज्यांच्या आदेशावर देशाचे सैन्य चालत होते, त्यांच्या स्पर्शाने दगड बाटला! ज्या शहरात विद्यार्थी जगजीवनला न्हावी मिळाला नव्हता, त्याच शहराने मंत्री जगजीवनराम यांना पन्नास वर्षांनी त्यांची जागा पुन्हा दाखवून दिली. मधल्या काळात मिळालेली सगळी खाती, सगळी मानाची पदे त्या एका घागरभर पाण्याने धुऊन निघाली. जात ही गरिबीबरोबर जाते असे सांगणाऱ्यांनी या घागरीचे उत्तर द्यावे.

तो काळच तसा होता. २७ मे १९७७ रोजी बाबूजींच्याच बिहारमध्ये बेलछी गावात ११ जणांना मारून जाळले गेले. त्यांतले बहुतेक दलित. १९७८ च्या जुलैमध्ये आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. या सगळ्या काळात दिल्लीच्या मंत्रिमंडळात आपला एक माणूस बसलेला होता. तरी आग विझली नाही. एक माणूस सत्तेत बसणे आणि समाज सत्तेत बसणे यांत किती अंतर असते, ते पेटलेल्या घरांना विचारावे.

शेवटचा अंक १९७९ चा. जानेवारीत ते उपपंतप्रधान झाले, त्या पदावरही चरणसिंहांच्या जोडीने. जुलैमध्ये मोरारजींचे सरकार गेले. चरणसिंह पंतप्रधान झाले आणि लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. जनता पक्षाचे नेते आता जगजीवनराम होते. बहुमत आजमावू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी त्यांना बोलावलेच नाही; २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. दहा वर्षे मागे जा. जुलै १९६९, बंगळूर. राष्ट्रपतिपदासाठी इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले होते, आणि पक्षश्रेष्ठींनी ते डावलून निवडले ते याच संजीव रेड्डींना. दोन वेळा दार लागले, दोन्ही वेळा दाराशी नाव तेच.

१९८० मध्ये जनता पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले, पण ती बुडती नाव होती. पक्षाला ३१ जागा मिळाल्या. बुडताना सुकाणू आपल्या माणसाच्या हाती द्यायचे, ही प्रस्थापितांची जुनी खोड. पुढे त्यांनी काँग्रेस (जे) काढली, १९८४ च्या लाटेतही सासाराम राखले आणि ६ जुलै १९८६ रोजी ते गेले. १९८४ ने एक गोष्ट सिद्ध केली. सासाराम त्यांचे स्वतःचे होते. सासारामबाहेर मात्र त्यांच्यामागे स्वतःची अशी फळी नव्हती. पक्ष दुसऱ्याचा, मते दुसऱ्याच्या चिन्हाची, म्हणून शेवटच्या पायरीची किल्लीही दुसऱ्याच्याच कमरेला.

कांशीरामजींनी हे ओळखले होते. पुणे कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, त्यांनी 'चमचा युग' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष उभा केला. जून १९९५ मध्ये मायावती उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. २००७ मध्ये तर स्वबळावर बहुमत मिळाले. बाबूजींपेक्षा अनुभव कमी, पण घर स्वतःचे. पुढे त्या घराचीही पडझड झाली. २०१४ मध्ये लोकसभेत एकही खासदार नव्हता. म्हणजे घर बांधून भागत नाही, दरवर्षी शाकारावेही लागते.

आणि आपले काय? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले आता मोजण्याच्या पलीकडे गेली. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला, पण गेले ते आपल्या नावावर. चार खासदार निवडून आले आणि चारही खुल्या मतदारसंघांतून. वर्षभरात एकी संपली. आज आपले नेते कुणाकडे एक जागा मागतात, कुणाकडे महामंडळ मागतात आणि मिळाले की पेढे वाटतात. जगजीवनराम यांना 'हरिजन नेता' म्हणून हिणवण्याचा अधिकार अशांना आहे काय? बाबूजींनी निदान तीन दशके देश चालवून दाखवला. यांनी काय चालवले?

या देशाला दलित समाजातून राष्ट्रपती मिळाले, लोकसभेला अध्यक्ष मिळाल्या. बाबूजींच्या कन्या मीराकुमार २००९ मध्ये त्या आसनावर बसल्या. पंतप्रधान मात्र आजपर्यंत मिळालेला नाही. ज्या खुर्चीत अधिकार नाही ती देता येते. अधिकाराची खुर्ची दिली जात नाही, ती घ्यावी लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंदा ५ एप्रिलला बाबूजींच्या फोटोला हार घालायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण बाबासाहेब एका जातीचे आणि बाबूजी दुसऱ्या जातीचे अशी वाटणी करणाऱ्यांना वस्तीत थारा देऊ नये. त्या दिवशी तरुणांना एकत्र बसवून दोन गोष्टी सांगाव्यात: आऱ्याच्या शाळेत फुटलेला माठ आणि बनारसमध्ये धुतलेला पुतळा. माठ फोडायला एकट्याची हिंमत पुरते. पुतळा धुणारे हात रोखायला एकटा मंत्री पुरत नाही. त्याला संघटित समाज लागतो. बाबासाहेब आपल्याला हेच सांगत होते. जगजीवनराम यांनी ते ऐकले नाही, आणि आपले सगळे आयुष्य त्याचा पुरावा म्हणून मागे ठेवले. तो पुरावा वाचून आपण शहाणे होणार की पुढच्या निवडणुकीत पुन्हा दुसऱ्याच्या दाराशी रांग लावणार?

जय भीम!