मूळ एक, रूपे अनेक

घरात तांदळाचे पीठ असले, की आमच्या रेडीकडच्या गृहिणीला चिंता नसते. त्याच पिठाचे सकाळी घावन होतात, सणाला शिरवाळे होतात आणि चतुर्थीला मोदकाची पारीही होते. संगणकाच्या जगातही असा एक पिठाचा डबा आहे. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, ते कसे वापरावे हे सांगणारी माहितीपुस्तिका त्याला लागतेच. ती एकदाच लिहायची आणि तिच्यातून पडद्यावरचे पान, छापायची पीडीएफ, बांधलेले पुस्तक असे सारे काढायचे, ही ती युक्ती!

लेखकाने येथे फक्त खुणा करायच्या. ‘हे अक्षर मोठे करा’ असे तो सांगत नाही. ‘हे शीर्षक आहे’, एवढेच सांगतो. मोठे करायचे की ठळक, ते रूपांतर करणारी आज्ञावली ठरवते. या खुणांना ‘मार्कअप’ म्हणतात, आणि हा शब्द छापखान्यातूनच आलेला आहे. हस्तलिखिताच्या समासात संपादक जुळाऱ्यासाठी पेन्सिलीने सूचना लिहीत, तेच मार्कअप.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1971 साली युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली, ती ‘रॉफ’ नावाच्या अशाच आज्ञावलीतून. मौज अशी की, युनिक्सच्या जनकांना नवे यंत्र हवे होते आणि ते पदरात पाडून घेण्यासाठी ‘मजकुराची मांडणी करणारी व्यवस्था करून देऊ’ असे वरिष्ठांना सांगावे लागले होते! पुढे 1977 साली डोनाल्ड नूथ या प्राध्यापकांना स्वतःच्या ग्रंथाची प्रुफे इतकी नापसंत पडली, की त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावलीच रचायला घेतली. तीच ‘टेक’. 1991 साली फ्रान्स वेल्थुइस या डच गृहस्थांनी तीत नागरी आणली; मात्र मूळ मजकूर रोमन अक्षरांत लिहावा लागे. 2004 साली निघालेल्या ‘झीटेक’पासून नागरी नागरीतच लिहिण्याची वाट मोकळी झाली.

पण वाचकहो, मराठीचे दुखणे वेगळेच आहे. माझ्या भाच्याने एका पतपेढीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका तयार केली. छापील प्रत चाळताना मी पाहतो तो ‘शेतकऱ्यांची यादी’च्या जागी ‘शेतकर्यांची यादी’!

“मामा, पडद्यावर तर बरोबर दिसत होतं!” तो म्हणाला.

कारण साधे आहे. आपला हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एक, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, दुसरा, साध्या ‘र’नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकले, की उरतो तो रफार. मग ‘आचाऱ्यांना शिधा द्या’चे ‘आचार्यांना शिधा द्या’ होते आणि स्वयंपाकी बिचारे उपाशी राहतात!

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. त्यांची मराठी वळणे शासनाने 2009 साली ठरवून दिली आहेत. परंतु ‘मजकूर मराठी आहे’ ही खूण मुळात नसेल, तर पुष्कळ टंक हिंदी वळण छापून मोकळे होतात. तिसरी गोष्ट ‘येथे टिचकी मारा’ची. कागदावर कितीही टिचक्या मारा, पान उलटत नाही! तेथे आपोआप ‘पृष्ठ 42 पाहा’ असे उमटेल, अशी तजवीज मूळ मजकुरातच हवी.

यावर कोणी म्हणेल, आता कागद हवाच कशाला? त्याने पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर यावे. वीज गेली की पडदा काळा होतो, आणि पतपेढीतल्या कारकुनाला खिडकीच्या उजेडात छापील पानच वाट दाखवते. त्या पानावरचा शब्द चुकला, तर नोंद चुकते; नोंद चुकली, तर कुणाचे तरी पैसे अडकतात.

भाच्याने मग छापील पान खोडरबराने सुधारले नाही. मूळ मजकुरात ‘ऱ’ घातला आणि सगळ्या प्रती नव्याने काढल्या. पडद्यावरची आणि कागदावरची पुस्तिका एकदमच शुद्ध झाली. मराठीत पुस्तिका काढणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावे: दुरुस्ती मुळात करावी, आणि छापण्यापूर्वी एक प्रत कागदावर काढून मराठी जाणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून घालावी. यंत्राला आचारी आणि आचार्य यांतला भेद अजून आपणच शिकवायचा आहे.