ज्वारीच्या मुळाचा निरोप टारफुला ऐकतो. कापूस, भुईमुगानं त्याला फसवता येतं

रानात ओल आहे, खत दिलंय, तरी ज्वारी दुपारी मान टाकते, पानं पिवळी पडतात. महिना-दीड महिन्यानं बुडाशी बारकं, पांढऱ्या फुलांचं तण दिसतं. हाच टारफुला. तो दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं, कारण जमिनीखाली त्यानं ज्वारीचं मूळ आधीच धरलेलं असतं.

टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक. एका झाडाला हजारोंनी लागतं आणि मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. नुसत्या पावसानं ते उगवत नाही. जवळ ज्वारीचं मूळ आल्याची खूण लागते. ती खूण म्हणजे मुळातून पाझरणारं स्ट्रायगोलॅक्टोन.

लॅक्टोन हा संयुगांचा मोठा गोतावळा. नारळाचा वास त्यातलाच, आणि गोचिडांसाठी जनावरांना टोचतात ते आयव्हरमेक्टिनही त्याच घरातलं.

मग ज्वारी स्वतःच्या वैऱ्याला का बोलावते? उत्तर 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी दिलं. निरोप टारफुल्यासाठी नसतोच, तो मायकोरायझा बुरशीसाठी असतो. ही बुरशी मुळाला स्फुरद आणून देते. स्फुरद कमी पडला की मूळ जास्त हाका मारतं, म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला जास्त माजतो. 2008 मध्ये आणखी कळलं, की झाडाला फुटवे किती फुटावेत हेही याच संयुगांच्या हातात असतं.

गंमत म्हणजे या गटातलं पहिलं संयुग 1966 साली अमेरिकेत सापडलं ते कापसाच्या मुळांत. टारफुला कापसावर जगत नाही, तरी कापसाची हाक ऐकून बी उगवतं आणि धरायला मूळ न मिळाल्यानं काही दिवसांत मरतं. भुईमूग, सोयाबीन, चवळीनंही हे साधतं. वाणावाणात फरक पडतो. अमेरिकेत यासाठी जमिनीत इथिलीन वायू सोडला गेला. तो खर्च आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपणारा नाही, फेरपालट झेपते.

एका हंगामात रान साफ होत नाही. ज्वारीवर ज्वारी घेणं थांबवावं, शेणखत आणि नत्र-स्फुरद कमी पडू देऊ नये. दिसलेला टारफुला फुलायच्या आत उपटावा. फुलला असेल तर बांधावर न टाकता जाळावा, बी वाऱ्यानं शेजारच्या रानात जातं.