जिंजीच्या शेजारचे फ्रेंच गाव

पडघा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातल्या माणसाला परक्या सत्तेच्या खुणा बघायच्या असतील तर वसई हाकेच्या अंतरावर आहे. पडक्या चर्चच्या कमानी, किल्ल्याचा तट आणि चिमाजी आप्पांचा 1739 चा विजय शाळेपासून पाठ असतो. फिरंगी म्हटले की पोर्तुगीज, साहेब म्हटला की इंग्रज. फ्रेंच या हिशेबात कुठे येतच नाहीत. त्यामुळे मराठी पर्यटक पुदुच्चेरीला जातो तो पिवळ्या भिंतीसमोर, बोगनवेलीखाली फोटो काढायला. या गावाच्या पहिल्या सत्तर वर्षांत मराठे जागोजागी आहेत, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

फ्रेंच इथे 1673-74 च्या सुमारास स्थिरावले. जागा मिळाली होती विजापूरकरांचा सरदार शेरखान लोदी याच्याकडून. वखारीचा कारभार फ्रान्स्वा मार्तँ या चिकाटीच्या व्यापाऱ्याने सांभाळला. पण 1677 मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, शेरखानाचा पाडाव झाला आणि मार्तँला आसरा देणाराच उरला नाही. त्याने तातडीने महाराजांकडे वकील पाठवला. तटस्थ राहाल तर वखारीला धक्का लागणार नाही, असे आश्वासन मिळाले. वकिलाने छावणीत काय पाहिले तेही मार्तँने लिहून ठेवले आहे: डामडौल नाही, जनाना नाही, अवजड सामान नाही, जाड्याभरड्या कापडाचे दोन लहान तंबू, एक महाराजांचा आणि एक मुख्य प्रधानाचा. मराठी इतिहासकारांना दक्षिण दिग्विजयाचा अभ्यास करताना या फ्रेंच व्यापाऱ्याचे दप्तर उघडावेच लागते.

पुढे राजाराम महाराज जिंजीला आले. ही जिंजी पुदुच्चेरीपासून साधारण 70 किलोमीटरवर. 1689 पासून जवळजवळ आठ वर्षे मराठ्यांची राजधानी तिथे होती, म्हणजे समुद्रकाठच्या फ्रेंचांना तटबंदीची परवानगी मागायची तरी जिंजीकडेच पाहावे लागे. ती त्यांना मिळालीही. पण 1693 मध्ये डचांनी गाव जिंकून घेतले, आणि काही वर्षांनी तहात ते फ्रेंचांना परत करावे लागले. आज पुदुच्चेरीच्या ज्या सरळसोट, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे 'फ्रेंच शिस्त' म्हणून कौतुक होते, त्यांची आखणी डचांच्या 1694 च्या नकाशांत दिसते. श्रेय कुणाला आणि नाव कुणाचे!

सगळ्यात रंगतदार प्रसंग 1741 चा. नागपूरकर रघूजी भोसले फौज घेऊन कर्नाटकात उतरले होते. त्रिचनापल्लीचा सत्ताधीश चंदासाहेब याच्या कुटुंबाने पाँडिचेरीत, म्हणजे आजच्या पुदुच्चेरीत, आश्रय घेतला होता आणि रघूजींनी त्यांची मागणी केली. गव्हर्नर द्युमाने नकार दिला. वसई पडून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा हा नकार काही साधा नव्हता. तरी हल्ला झाला नाही. द्युमाने उंची फ्रेंच मद्याच्या बाटल्या भेट पाठवल्या, त्या रघूजींच्या पत्नीला फार आवडल्या आणि आणखी बाटल्यांच्या बदल्यात वेढा टळला, अशी कथा फ्रेंच बाजूने चवीने सांगतात. कथा छान आहे. पण गावाचा तट, त्यावरच्या तोफा आणि आधीच हाती आलेले त्रिचनापल्ली ही कारणे त्याहून पटणारी आहेत.

आता गावात शिरायचे. पहिली गोष्ट अशी, की रघूजींच्या काळातले पाँडिचेरी आज जवळपास नाहीच. जानेवारी 1761 मध्ये इंग्रजांनी ते जिंकले आणि नंतर पद्धतशीर पाडून टाकले. दिसते ते बहुतेक 1765 नंतरचे बांधकाम. समुद्राजवळच्या भागाला 'गोरे गाव', कालव्यापलीकडच्या भागाला 'काळे गाव' अशी उघड वाटणी होती, आणि तो कालवा अजून गावाच्या मधून जातो. गोऱ्या भागातली घरे रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेली: उंच भिंत, मोठा दरवाजा, बाग आत. पर्यटकांची गर्दी इथेच.

कालवा ओलांडला की घरांचा स्वभाव बदलतो. इथल्या तमिळ घरांना रस्त्यालगत ओटा असतो, त्यावर खांबांवर तोललेले छप्पर, वाटसरूने टेकावे म्हणून. आपल्याकडच्या जुन्या घरांची ओटी पाहिलेल्याला हे बांधकाम परके वाटत नाही. काही घरांत खाली तमिळ ओटा आणि वर फ्रेंच धाटणीच्या कमानी व झडपांच्या खिडक्या आहेत. वैश्याळ स्ट्रीटवर अशी रांगच जतन केली आहे. द्युमानंतरचा गव्हर्नर द्युप्ले, त्याचा दुभाषी आनंदरंग पिळ्ळे याचा वाडाही याच बाजूला. त्याने पंचवीसेक वर्षे लिहिलेली रोजनिशी म्हणजे त्या काळाचा खजिना. ज्यांना एकच बाजू बघायला वेळ आहे त्यांनी ही बघावी, असे खुशाल म्हणता येईल.

जतनाची बाजू मात्र नेहमीच अशी सुखाची नाही. समुद्रासमोरची एकोणिसाव्या शतकातली नगरपालिकेची इमारत 2014 च्या नोव्हेंबरमधल्या पावसात कोसळली. आज उभी आहे ती तिची नव्याने बांधलेली आवृत्ती. समुद्राचेही तसेच. बंदराच्या धक्क्यांनी वाळूचा प्रवाह अडवला आणि किनाऱ्यावरची पुळण जाऊन दगड उरले. अलीकडे थोडी वाळू परत आणली आहे.

गोऱ्या गावातच मनकुळ विनायकाचे देऊळ आहे, फ्रेंचांच्याही आधीचे. जवळच अरविंद आश्रम. अरविंद घोष इथे 4 एप्रिल 1910 ला पोहोचले, पण त्याआधी तेरा वर्षे ते बडोद्यात होते, आणि 1908 मध्ये त्यांना ध्यानाचा मार्ग दाखवला तो विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याने.

फ्रेंच अंमल 1 नोव्हेंबर 1954 ला संपला, कायद्याने 16 ऑगस्ट 1962 ला. तरी रस्त्यांच्या पाट्या तमिळ आणि फ्रेंचमध्ये आहेत, पोलिसांच्या डोक्यावर लाल टोपी आहे, आणि 14 जुलैला फ्रेंच सैन्यातले निवृत्त जवान पदके लावून युद्धस्मारकापाशी जमतात. हे सगळे तमिळ लोक, फ्रेंच नागरिकत्व असलेले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दादरहून पुदुच्चेरीला थेट चालुक्य एक्सप्रेस आहे, पण ती रोज नसते. दिवस पाहून तिकीट काढावे. आणि दिवाळीच्या सुटीत हा बेत करू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिकडचा खरा पावसाळा. जानेवारी-फेब्रुवारीत जावे, मुक्कामातला एक दिवस जिंजीसाठी राखावा. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा किल्ला तेवढा तोच.