ट्रेडमार्कचं वय किती? देशागणिक हिशेब वेगळा!

पेटंट २० वर्षांत संपतं. ट्रेडमार्क मात्र वेळच्या वेळी नूतनीकरण केलं आणि वापरात ठेवला, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. फक्त प्रत्येक देशाचे नियम निराळे.

किमान सात: जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार नोंदणी आणि प्रत्येक नूतनीकरण किमान ७ वर्षांचं हवं, नूतनीकरण कितीही वेळा करता येतं. बहुतेक देश १० वर्षं देतात. नेपाळमध्ये मुदत ७ वर्षांची. बांगलादेशात पहिली खेप ७ वर्षांची, पुढची प्रत्येक १० वर्षांची.

दीडशे वर्षांचा त्रिकोण: ब्रिटनच्या नोंदवहीतला क्रमांक १ म्हणजे बास बिअरचा लाल त्रिकोण. नोंद १ जानेवारी १८७६ ची आणि ती अजून जिवंत आहे! फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या १८८२ मधल्या ‘फोली-बर्जेरमधला बार’ या चित्रात काउंटरवरच्या बाटल्यांवर हाच त्रिकोण दिसतो.

मुदतीला कात्री: अमेरिकेत नोव्हेंबर १९८९ पर्यंत मुदत २० वर्षांची होती, आता १०. शिवाय पाचव्या-सहाव्या वर्षादरम्यान चिन्ह वापरात असल्याचं प्रतिज्ञापत्र नमुन्यासह द्यावं लागतं. कॅनडानेही १७ जून २०१९ पासून १५ वर्षांची १० केली.

चंद्राचं गणित: सौदी अरेबियात १० वर्षं मोजतात ती हिजरी, म्हणजे चांद्र. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे आपल्या कॅलेंडरवर मुदत साधारण ९ वर्षं ८ महिन्यांतच भरते.

हप्त्यांची सोय: जपानमध्ये १० वर्षांचं शुल्क ५-५ वर्षांच्या दोन हप्त्यांत भरता येतं.

वापरा, नाहीतर गमवा: चीनमध्ये सलग ३ वर्षं चिन्ह वापरलं नाही, तर कुणीही ते रद्द करण्याची मागणी करू शकतो. युरोपीय संघात ही मर्यादा ५ वर्षांची.

आणि आपल्याकडे? १९५८ च्या कायद्यात मुदत ७ वर्षांची होती. १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ मध्ये लागू झाला आणि ती १० वर्षांची झाली.

मसाले, लोणची, फरसाण विकणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भारतात १० वर्षं मोजली जातात ती अर्जाच्या तारखेपासून, प्रमाणपत्र हाती पडलं त्या दिवसापासून नव्हे. मुदत संपण्याआधी वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. चुकलं तर जादा शुल्क भरून आणखी ६ महिने मिळतात. घाम गाळून कमावलेलं नाव एका तारखेपायी हातचं जाऊ देऊ नका. आजच कागद काढा आणि अर्जाची तारीख बघा!