लाटण्याचं पोट

सावंतवाडीत बाबा लाकडी खेळणी करायचे. फळं, भोवरे, शिवाय पोळपाट-लाटणी. फिरत्या लाकडावर ते लाखेची कांडी टेकवत. घर्षणाने लाख वितळून रंग चढायचा, मग केवड्याच्या पानाने चकाकी. मी लेथजवळ गेलो की एकच वाक्य : "तू अभ्यासाक बस." बसलो. इंजिनिअर झालो आणि इंग्लंडला आलो.

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. बाबांना आता नीट दिसत नाही, लेथ बंदच असतो, भंगारवाला बघून गेलाय. "दादा, देऊन टाकू ना?" मला 'हो' म्हणवेना. पण 'नको' तरी कुठल्या तोंडाने म्हणू? त्या यंत्राला मी कधी हात लावला नव्हता.

म्हणून हाय विकमजवळच्या एका दिवसाच्या वर्गात नाव घातलं. हा भाग खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. इथल्या बीचच्या जंगलात पूर्वी 'बॉजर' म्हणवणारे कारागीर पायाने चालवायच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचे.

शिकवणारे आजोबा सत्तरीचे. आधी नियम सांगितले : हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाह्या चालणार नाहीत, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने फिरवून ते कुठे अडत नाही ना, हे बघायचं. मग बीचचा चौकोनी तुकडा दोन टोकांत पकडला. खोलगट पटाशीचा धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूच वर उचलायची, की धार कापू लागते. मी घाई केली. धार रुतली, खाड्‌कन आवाज झाला आणि ढलपी उडाली. दुसरा तुकडा घेतला. दुपारपर्यंत लांब, कुरळा भुसा पडू लागला. संध्याकाळी हातात लाटणं होतं, अगदी सरळ, गुळगुळीत.

घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. बाबांना लाटणं दिसेना. त्यांनी विचारलं, "मधी पोट ठेवलंस?"

"नाही. सरळच केलंय."

"मधी वाईच पोट ठेवूचा. नायतर चपाती फिरूची नाय."

मग अर्धा तास ते बोलत होते. पटाशीला धार कशी लावायची, लाकूड किती सुकवायचं. 'अभ्यासाक बस' एकदाही म्हणाले नाहीत.

भावाला सांगितलंय, भंगारवाल्याला परत पाठव. डिसेंबरचं तिकीट काढलंय. लाटणंही बरोबर नेतोय. पोट बाबांच्याच लेथवर द्यायचंय.