बॅटरीवरची मालवाहू रिक्षा घेताना काय पाहावे?

मालेगाव, भिवंडीच्या गल्ल्यांतून सूत आणि कापड वाहणाऱ्या हातगाड्या व डिझेलच्या रिक्षांच्या जोडीला आता बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षा दिसू लागल्या आहेत. फळविक्रेते, फर्निचरवाले, बेकरीवाले, पाण्याचे जार पोहोचविणारे असे अनेक छोटे व्यावसायिक तिची चौकशी करतात. मात्र शोरूममध्ये गेल्यावर माहिती मिळते ती मोठ्या पडद्याची, मोबाईलला जोडणाऱ्या ॲपची, रंगाची आणि गाण्याच्या सोयीची. ज्या गोष्टींवर आपली रोजची कमाई अवलंबून आहे त्या मागेच राहतात. दोन-चार लाखांची रक्कम गुंतविणाऱ्या कारागिराने आधी आपले काम मोजावे आणि मगच गाडी पाहावी. त्या दृष्टीने काही उपयुक्त माहिती येथे देत आहोत.

आधी वहीत चार आकडे लिहा

गाडी पाहण्यापूर्वी निदान एक आठवडा पुढील चार गोष्टींची नोंद ठेवावी. एका खेपेला जास्तीत जास्त किती किलो माल असतो? दिवसाला एकूण किती किलोमीटर फिरणे होते? वाटेत चढ किंवा घाट आहे का? रात्री गाडी कोठे उभी राहील आणि तेथे विजेची सोय आहे का? या चार उत्तरांवरूनच कोणती सोय गरजेची आणि कोणती दिखाऊ ते ठरते.

वजन आणि गाडीचा प्रकार

बॅटरीच्या तीनचाकी मालवाहू गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. २०१४ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘ई-कार्ट’ या हलक्या गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक नसतो आणि तिच्यात चालकाव्यतिरिक्त ३१० किलोपर्यंतच माल नेता येतो. दुसरा प्रकार मोठ्या तीनचाकीचा. कागदोपत्री तो ‘एल-५’ या वर्गात येतो. त्यातील गाड्या अधिक वेगाने धावतात आणि अनेक गाड्या पाचशे किलोच्या आसपास माल नेतात. गल्लीबोळात भाजी, पाव, जार पोहोचविणाऱ्याला पहिला प्रकार पुरतो. सुताची पोती, लोखंडी सामान किंवा फरशी नेणाऱ्याने पहिल्याच्या स्वस्ताईला भुलू नये. रोज जादा वजन लादले तर आधी बॅटरी, मग टायर आणि शेवटी मोटार खराब होते. शिवाय अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात अडचण येते ती वेगळीच.

हौद्याचा विचारही मालाप्रमाणे करावा. कापड, पाव आणि मिठाई यांना बंद डबा हवा. फर्निचर व पाईप यांना उघडा, बाजू खाली पाडता येणारा हौदा बरा. मासळीवाल्यांनी खारे पाणी बाहेर जाण्याची वाट आणि पत्र्यावरील गंजरोधक थर पाहावा.

बॅटरी हाच गाडीचा जीव

गाडीच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीचा असतो. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त, पण जड असते. ती भरायला आठ-दहा तास लागतात, पाणी घालावे लागते आणि रोजच्या वापरात साधारण दीड-दोन वर्षांत ती बदलण्याची वेळ येते. लिथियमची बॅटरी महाग, पण हलकी असते, लवकर भरते आणि पुष्कळ अधिक वर्षे चालते. लिथियममध्येही ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ म्हणजे एलएफपी हा प्रकार उष्णता अधिक सोसतो. खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथील उन्हाळ्याचा विचार केला तर हे महत्त्वाचे आहे. २०२२ साली दुचाकींच्या बॅटऱ्यांना आगी लागल्यानंतर ‘एआयएस-१५६’ हे सुरक्षेचे मानक कडक करण्यात आले. एल-५ गाडीची बॅटरी त्यानुसार तपासलेली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत लिहिलेली असते. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. पत्रकात छापलेले अंतर हे ठराविक चाचणीतील असते. भरलेली गाडी, गर्दी, खड्डे यांत ते कमी होते. म्हणून पत्रकातील अंतराच्या दोन-तृतीयांश अंतर खरे धरावे आणि ते आपल्या रोजच्या अंतरापेक्षा थोडे अधिक असेल अशी बॅटरी घ्यावी. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याने १५० किलोमीटरच्या बॅटरीसाठी पैसे अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही.

कोणत्या सोयी कामाच्या?

चढाची ताकद : कोकणात किंवा घाटाजवळ राहणाऱ्यांनी हा आकडा नीट वाचावा. कोणी तो टक्क्यांत देतो, कोणी अंशांत. १२ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर अंतरात बारा मीटर उंची, तर १२ अंश चढ म्हणजे सुमारे २१ टक्के. आकडा तोच दिसला तरी ताकद दुप्पट-पावणेदुप्पट वेगळी असते. चढावर थांबल्यावर गाडी मागे घसरू न देणारी सोयही तेथे उपयोगी आहे.

ब्रेक लावताना वीज परत मिळणे : उतारावर व गर्दीत मोटारच गाडीचा वेग रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. ब्रेकचे लायनरही अधिक टिकते.

पाण्यापासून संरक्षण : ‘आयपी-६७’ असे लिहिलेली बॅटरी वा मोटार एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरत नाही, असा त्याचा अर्थ. पाऊस व तुंबलेले रस्ते पाहता ही सोय पैसे देऊन घेण्यासारखी आहे. मात्र हे चिन्ह केवळ बॅटरीला आहे की मोटार आणि कंट्रोलरलाही, हे विचारावे.

बाकी मोठा पडदा, गाणी, रंगीत दिवे यांनी एक किलो मालही अधिक जात नाही. उरलेली बॅटरी व अंतर स्पष्ट दाखविणारा साधा काटा पुरे.

घरची वीज

चार्जरसाठी पॉवर प्लग, चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. मोठा चार्जर दोन-तीन किलोवॅट घेतो. म्हणून वीजबिलावरील ‘मंजूर भार’ पाहून गरज पडल्यास तो वाढवून घ्यावा. सूत, कापड, लाकूड, फोम यांच्या गोदामात किंवा जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावू नये. मोकळ्या, हवेशीर जागीच लावावी.

हिशेब काय सांगतो?

समजा, गाडी किलोमीटरला एक-दशांश युनिट खाते, चार्जिंगमधील घट धरून विजेचा खर्च सुमारे १ रुपया १५ पैसे येतो आणि डिझेलच्या रिक्षाला तोच खर्च ३ रुपये आहे. म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ८५ पैसे वाचले. रोज ५० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस काम असेल तर महिन्याला सुमारे २,३०० रुपये वाचतात. इलेक्ट्रिक गाडी एक लाखाने महाग असेल तर ते पैसे साडेतीन-पावणेचार वर्षांत निघतात. पण रोजची धाव २० किलोमीटरच असेल तर बचत सव्वानऊशे रुपये, आणि लाख रुपये वसूल व्हायला नऊ वर्षे! तोवर बॅटरी थकलेली असेल. अशा व्यावसायिकाने हलकी, स्वस्त गाडी पाहावी किंवा शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक गाडी घ्यावी. आपल्या गावचे वीजदर व डिझेलचे भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. सरकारी अनुदानाच्या योजना बदलत राहतात. ‘फेम-२’ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ सुरू झाली. म्हणून अनुदान न धरता सौदा परवडतो का ते आधी पाहावे.

कागद, हमी आणि सौदा

या गाडीची आरटीओत नोंदणी होते व तिला हिरवी पाटी मिळते. बॅटरीच्या वाहनांना परमिटची अट २०१८ साली केंद्राने काढून टाकली, पण लायसन्स व विमा लागतोच. हमीपत्र पूर्ण वाचावे. किती वर्षे किंवा किती किलोमीटर, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि चार्जर त्यात धरला आहे का, हे तोंडी न ऐकता लेखी घ्यावे. तीनचाकींचा एक मोठा कारखाना आपल्या बारामतीत आहे. तथापि कारखाना राज्यात असणे वेगळे आणि आपल्या तालुक्यात मेकॅनिक व सुटे भाग मिळणे वेगळे. चार दिवस गाडी बंद राहिली तर चार दिवसांची रोजी गेली.

पैशाची सोय करताना व्याजाच्या गुंत्यात पडण्याआधी भिशी, बिनव्याजी पतपेढी, कर्जे-हसना किंवा भागीदारी हे मार्ग पाहावेत. विक्रेता स्वतःच हप्त्याने देत असेल तर एकूण किंमत सौद्याच्या वेळीच कायम झाली पाहिजे. हप्ता चुकल्यास रक्कम वाढण्याची अट आहे का, हे वाचून आपल्या आलिमांना विचारावे. भागीदारीत गाडी घेतल्यास कोणाचा किती हिस्सा, कोणत्या दिवशी कोणाचा वापर, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. दोस्ती टिकविण्याचाही तोच मार्ग आहे.

शेवटी एकच सूचना. बयाणा देण्यापूर्वी आपला नेहमीचा माल भरून, आपल्याच नेहमीच्या रस्त्यावर, आपल्याच चढावर गाडी चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. जो विक्रेता यास तयार होत नाही, त्याच्याकडून गाडी न घेणेच बरे.