घरच्या अंगणातले अनार

'एक अनार, सौ बीमार' ही म्हण आम्ही उर्दूच्या तासाला शिकवतो तेव्हा मुले हसतात. आम्हाला मात्र वेगळेच वाटते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण याच शहरातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांच्या डब्यात ते क्वचितच दिसते. चांगला माल बाहेर जातो आणि बाजारात उरलेला परवडत नाही. ज्यांच्या घरापुढे दोन हात जागा आहे, त्यांनी निदान एक झाड लावून पाहावे.

थंड मुलखात डाळिंबाची पाने हिवाळ्यात गळतात. आपल्या उष्ण हवेत पाणी मिळत राहिले तर हे झुडूप बारा महिने हिरवे असते. कोरडी हवा, कडक ऊन आणि हलकी मुरमाड जमीन त्याला मानवते, म्हणून सांगोला, मंगळवेढ्याच्या माळरानांवर ते रुजले. भारी काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. तशी माती असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. त्यात मुरूम, पोयटा आणि कुजलेले शेणखत भरून रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. अंगण नसेल तर तळाला भोके पाडलेला मोठा ड्रमही गच्चीवर चालतो. ऊन मात्र भरपूर हवे.

बी पेरून झाड येते, पण फळ मूळ झाडासारखे येईलच असे नाही. म्हणून गुटी कलमाचे रोप घ्यावे. 'भगवा' हा वाण सर्वत्र मिळतो. आपल्याच केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या 'सोलापूर लाल' या वाणात लोह आणि जस्ताचे प्रमाण अधिक आहे. वाढत्या मुलींच्या घरी हा विचार जरूर करावा.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात झाडाला पाणी कुठून घालायचे, असे भगिनी विचारतात. वुजूचे पाणी, तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी साठवावे. साबणाचे पाणी घालू नये. बुंध्याभोवती वाळलेल्या पाल्याचा थर दिला की ओल टिकते. जमिनीलगतचे फुटवे काढून तीन-चार खोडेच राखावीत.

झाड दोन-तीन वर्षांचे झाले की डिसेंबरमध्ये महिना-दीड महिना पाणी तोडावे. पाने पिवळी पडून गळतात. झाड मेले असे समजून उपटू नये, ही त्याची विश्रांती असते. जानेवारीअखेर हलकी छाटणी करून शेणखत आणि पाणी द्यावे. नवी पालवी आणि फुले येतात, यालाच आंबे बहार म्हणतात. बरीच फुले गळतील. घंटेच्या आकाराची फुले नर असतात, ती गळणारच. बूड फुगीर असलेल्या फुलांना फळ धरते. फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात. या काळात पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. थोडे पण नियमित द्यावे. फळ पोखरणाऱ्या अळीपासून वाचवण्यासाठी लहान फळांना जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात.

सर्वांत मोठा धोका तेल्या रोगाचा. पानांवर तेलकट काळपट डाग पडतात आणि फळे चिरतात. हा रोग रोगट रोपांतून, पावसाच्या शिंतोड्यांतून आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतो. तेल्या, मर आणि खोड पोखरणारे भुंगेरे यांमुळे सांगोला भागात कित्येकांनी कर्ज काढून उभ्या केलेल्या बागा स्वतःच्या हाताने उपटून टाकल्या. म्हणून रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे. डागाळलेली पाने-फळे तोडून जाळावीत आणि कात्री जंतुनाशकात बुडवून मगच दुसऱ्या झाडाला लावावी. आपल्या अंगणातला रोग शेजारच्या वस्तीतून पुढे कुणाच्या मळ्यापर्यंत पोहोचू नये, ही आपली जबाबदारी आहे.

कुरआनात डाळिंबाचा, म्हणजे 'रुम्मान'चा उल्लेख तीन ठिकाणी आहे. सूरह अल-अनआममध्ये तो जिथे येतो, तिथेच पीक काढण्याच्या दिवशी त्यातला हक्क देण्याची आणि उधळपट्टी न करण्याची आठवणही आहे. घरच्या झाडाला पहिल्या वर्षी चारच फळे लागतील. त्यातले एक शेजारच्या मुलांसाठी ठेवावे. दाणे सोलायला घरातल्या लहानांना बसवावे आणि वाटणीही त्यांच्याच हातून करवावी.